मदत हवी आहे: २०१४ च्या १५० सीसी गाडीत साधं पेट्रोल, ९५ की पुण्याहून १०० ऑक्टेन?

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहतो. रोज चिंचोळी एमआयडीसीला जाणं-येणं असतं आणि सुट्टीला मोहोळजवळ गावी. गाडी २०१४ ची, १५० सीसी, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न इंधनाचा आहे आणि त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना लागू पडेल. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.५:१, मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेनचं अनलेडेड पेट्रोल सांगितलंय.

त्रास असा आहे. उन्हाळा लागल्यापासून, मागे मंडळी बसलेल्या असताना टॉप गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला थ्रॉटल दिला की इंजिनातून खडखड येते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. तुळजापूरला जाताना घाटात हा आवाज इतका वाढला की बायकोनेच गाडी बाजूला घ्यायला लावली. गिअर खाली टाकला की आवाज बंद. सपाट रस्त्याला एकटा असलो तर काहीच नाही. ॲव्हरेज आधी ५० च्या आसपास मिळायचं, आता ४३-४४ वर आलंय. शिवाय गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सकाळी स्टार्ट व्हायला फार किका खाते.

सल्ले भरपूर मिळाले, आणि दोन माणसांचं एकमत नाही. मेस्त्री म्हणतात, “इथेनॉलमुळं व्हायलंय, ९५ वालं टाका, आवाज जाईल.” भाचा पुण्याला असतो. तो म्हणतो की तिकडे १०० ऑक्टेनचं मिळतं, त्यात इथेनॉल नसतं, येताना कॅनमध्ये आणतो. शेजारचे काका सांगतात की टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळ. ९५ वालं इथे लिटरमागे सात-आठ रुपयांनी महाग पडतं. उपयोग होणार असेल तर तेवढे द्यायची तयारी आहे, पण नक्की कशासाठी देतोय ते कळायला हवं.

इथेनॉलला शिव्या घालायला हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो. आमचा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो आणि ही गाडी वडिलांनी उसाच्या बिलातूनच घेतली होती. म्हणूनच ती अजून बरीच वर्षं नीट चालावी असं मनापासून वाटतं. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

माझी गाडी २०२३ ची आहे, फ्युएल इंजेक्शनवाली. कायम साधं पेट्रोल टाकते, मे महिन्यातही कधी आवाज आला नाही. इंजेक्शनच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर असतो, मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) आपोआप पेट्रोल वाढवतो. तुमच्या कार्ब्युरेटरला ती सोय नाही. त्यामुळे माझ्या अनुभवावर जाऊ नका, पण शोध त्या दिशेने घ्या असं सुचवेन.

प्रतिसाद २

माझं बार्शीत छोटं गॅरेज आहे. जरा लांबण लागेल, पण एकदा नीट वाचा.

आधी ऑक्टेनचं बघू. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. प्लगची ठिणगी पडली की ज्योत पसरत जाते. ती पोचायच्या आत सिलिंडरच्या कडेचं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकलं की नॉकिंग होतं. असं भडकण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, त्याचा हा आकडा. आवाज फक्त लोडवर येतो आणि गिअर टाकला की जातो, म्हणजे हे नॉकिंगच आहे. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज असता तर आयडलिंगलाही टिकटिक ऐकू आली असती.

आता इथेनॉल. त्याचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, म्हणजे ते मिसळल्याने ऑक्टेन कमी होत नाही, वाढतं. ९.५:१ च्या इंजिनाला ९१ पुरतं, तसं कंपनीनेच लिहून दिलंय. मग साध्या पेट्रोलवर खडखड होतेय तर ऑक्टेन कमी पडतंय म्हणून होत नसणार. ९५ टाकलं तर आवाज दबेल, पण कारण आत तसंच राहील. आणि पंपावरच्या ९५ मध्येही इथेनॉल असतंच, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

माझा संशय मिश्रण पातळ झाल्याचा आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, वजनाने ३५ टक्क्यांच्या आसपास. जळायला शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला फक्त ९ भाग. तुमचा जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) २०१४ च्या पेट्रोलच्या हिशेबाचा. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळणं पूर्ण झालं २०२२ मध्ये आणि आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे. जेट तोच, पेट्रोल बदललं, त्यामुळे हवेच्या मानाने इंधन थोडं कमी पडतं. पातळ मिश्रणावर हेड तापतं. वर सोलापूरचं ४२-४३ चं ऊन आणि डबल सीट. एअर-कूल्ड इंजिनाला तेवढं पुरे होतं.

पण एवढ्याने ५० चं ४३ होत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असं दिलंय. म्हणजे ५० चं ४८. पुढची घट दुसरीकडून आहे, ती शोधा. गाडी थंड असताना प्लग काढा. टोकाजवळची चिनीमाती बिस्किटी रंगाची असेल तर ठीक, काळी काजळी असेल तर मिश्रण जाड, पांढरीफटक असेल तर पातळ. पेट्रोल फिल्टर काढून उजेडात धरा. इथेनॉल टाकीतला जुना मळ आणि गंज सोडवतं, तो फिल्टरमध्ये येऊन बसतो आणि मिश्रण आणखी पातळ होतं. फ्लोट बाऊलची (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीची) ओ-रिंग आणि पेट्रोलचा पाइप बोटाने दाबून बघा. फुगलेले, चिकट किंवा चिरा गेलेले असतील तर ई-२० ला चालणारे नवे बसवा. उभ्या गाडीला किका जास्त लागतात त्यामागे बहुतेक हेच असेल, बाऊलमधलं पेट्रोल झिरपून जात असेल. हे सगळं ठीक निघालं तर पिस्टनवरचा कार्बन बघावा लागेल. तो साचला की कॉम्प्रेशन वाढतं आणि कार्बन लाल होऊन बसतो.

टू-स्ट्रोक ऑइल मिसळू नका. तेलाने ऑक्टेन खाली येतं, नॉकिंग वाढेल. पेट्रोल कॅनमध्ये भरून पुण्याहून तर अजिबात आणू नका. उन्हाच्या दिवसांत अडीचशे किलोमीटर प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल म्हणजे जिवाशी खेळ आहे. भाच्याला आजच फोन करून सांगा.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादात एक भर. पंपसुद्धा एकदा तपासा. पेट्रोलमध्ये केरोसीन असेल तर ऑक्टेन धाडकन पडतं आणि अशीच खडखड होते. फिल्टर पेपर टेस्ट मागायचा ग्राहकाला हक्क आहे: नोझलचा एक थेंब कागदावर टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. घनताही मोजून मागता येते, त्या दिवसाची घनता मशीनजवळ लिहिलेली असते. हे मागताना लाजू नये, आपण पैसे मोजतो.

प्रतिसाद ४

माझ्याकडे जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे, कॉम्प्रेशन ६.५:१. तिला ऑक्टेनची काही फिकीर नाही, पण रबराचे भाग आणि टाकी सांभाळावी लागते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करतो. तुम्हीही करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मेस्त्रींसमोर बसून सगळं उघडलं. प्लग पांढराच निघाला. फिल्टरच्या तळाला गंजाची तांबूस भुकटी होती, फुंकर मारली तर हवा जेमतेम जात होती. बाऊलची ओ-रिंग फुगून खाचेत बसेना. फिल्टर, पाइप, ओ-रिंग नवे टाकले, टाकी धुऊन घेतली. साध्या पेट्रोलवर सपाट रस्त्याला डबल सीट आवाज गेला, किकही लवकर बसते. घाटात मात्र थोडा येतोच. भाच्यालाही कॅन आणू नको म्हणून कळवलं. बार्शीच्या दादांना विचारायचं होतं, आता जेट बदलू का, की घाटापुरतं ९५ टाकू?

प्रतिसाद २

मेन जेट एका पायरीने मोठा टाका, आणि कार्ब्युरेटरच्या सुईला (थ्रॉटलबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल कमी-जास्त करते ती) क्लिपच्या खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर उचलली जाईल. दोन्ही एकदम करू नका. आधी सुई, कारण तुमचा आवाज अर्ध्या थ्रॉटलला येतोय. नंतर प्लगचा रंग पुन्हा बघा आणि पीयूसीवाल्याकडे सीओचा (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा तपासून घ्या. तोवर तुळजापूरला जायचं झालं तर त्या फेरीपुरतं ९५ टाकायला हरकत नाही. घाटात चौथ्या गिअरवर या, इंजिनाला दाबून ओढायला लावू नका.