पस्तीस फुटी विकून बावीस फुटी शिडाची बोट घ्यावी का?

प्रश्न: अमेरिकेत चेसापीक उपसागराकाठच्या ॲनापोलिसला बोट आहे. गुडघे कुरकुरतात, आमची ही म्हणते आवरा आता. स्विंग कीलवाली (तळाची वजनदार पाती वर उचलता येते अशी) कॅटालिना २२ ही बावीस फुटी बोट मिळतेय. काय गमवीन?

उत्तर: काका, आधी ताठ उभं राहणं जाईल! केबिनमध्ये चहासुद्धा वाकूनच. पण कील वर घेतली की दोनेक फूट पाणी पुरतं. चेसापीकची सरासरी खोलीच २१ फूट, तेव्हा आजवर लांबून पाहिलेल्या खाड्यांत खुशाल शिरा. मात्र कील उचलायची केबल आणि कील जिच्यावर फिरते ती पिव्हट पिन खाली वाकून, टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पिनचं भोक झिजलेलं असेल तर कील खडखडते.

दुसरं उत्तर: तिथल्या आखूड लाटांत हलकी बोट आपटते. काकूंना आधी भर वाऱ्यात बसवून आणा, मगच सौदा.

प्रश्नकर्ता: ती तयार आहे. ट्रेलरवर घरी आणली तर स्लिपचं (धक्क्यावर बोट बांधायच्या जागेचं) भाडंही वाचेल. सोसायटी ड्राइव्हवेत ठेवू देईल का, तेवढं विचारतो.