रिकाम्या चौकटीतली संख्या: मुलं नुसतं एक मिळवतात

दापोली_दुसरी:
दुसरीचा वर्ग आहे. ५, ६, __, ८ सगळ्यांना येतं. ४, ७, __, १३ आलं की निम्मी मुलं ८ लिहितात. ३०, २७, __, २१ मध्ये तर २८! पाढे पाठ आहेत, तरी असं का? साहित्य घरचंच हवं.

गडगा:
८ लिहिणारं मूल ‘सातानंतर काय’ याचं उत्तर देतंय. त्याने डावीकडची एकच संख्या पाहिली. म्हणून आधी संख्या विचारूच नका, उडी विचारा. चिंचोक्यांच्या ओळी एकीखाली एक लावा: ४, ७, १०, १३. सगळ्या ओळी डावीकडून एकाच रेषेत हव्यात, नाहीतर पायऱ्या दिसत नाहीत. एका जोडीला ३४ चिंचोके पुरतात. मग १० ची ओळ उचलून घ्या आणि ती मुलांना परत लावायला सांगा. (कच्च्या काजूबिया देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.)

नंतर पडवीत खडूने ० ते ३० चा पट्टा. इथे नेहमीची चूक म्हणजे ज्या घरावर उभं आहे तेच ‘एक’ म्हणून मोजणं. मग ४ वरून तीन उड्या ६ वरच संपतात. पाय उचलल्याशिवाय ‘एक’ म्हणायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा. ३० वरून मागे यायचं असेल तर चौकटींच्या वर डावीकडून उजवीकडे बाण काढून ‘वाढतंय की घटतंय’ हे आधी बोलून घ्या. २८ तिथेच थांबतं.

वईचा_खांब:
दोन चौकटी सलग रिकाम्या आल्या की वेगळा घोटाळा होतो. ६, __, __, १५ मध्ये फरक ९, चौकटी दोन, म्हणून मुलं ९ चे दोन भाग करायला जातात आणि अडतात. वईचे (कुंपणाचे) चार खांब उभे केले तर मधे गाळे किती? तीन. ९ चे तीन भाग, उडी ३ ची, म्हणजे ९ आणि १२.

प्रश्न काढणाऱ्यांनीही सांभाळावं. २, ४, __ ला ६ आणि ८ दोन्ही बरोबर. १, २, ४, __ ला ७ चालतं आणि ८ पण. दुसरीला समान उडीचीच मालिका द्या, निदान तीन संख्या दिसू देत.

शंभरपट्टी:
उत्तर चुकलं म्हणून उडी चुकलीच असं नाही. २३, २६, __, ३२ ला मूल तोंडाने ‘एकोणतीस’ म्हणतं आणि लिहितं ३९, कारण शब्दात ‘तीस’ ऐकू येतं. ‘त्रेसष्ट’ला ३६ होतात, कारण तीन आधी ऐकू येतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण अशा मुलाला दोन्ही वाचनं शेजारी ठेवली की चूक पटकन कळते. तपासताना तोंडी उत्तर आधी घ्या.

दापोली_दुसरी:
आंब्याच्या डझनांची मालिका घेऊ का? १२, २४, __, ४८.

शंभरपट्टी:
घ्या, पण १ ते १०० च्या तक्त्यावर. १२ ची उडी म्हणजे एक घर खाली, दोन घरं उजवीकडे. ६० पर्यंत सरळ जाते. पुढे ७० ओळीच्या टोकाला येतो, उजवीकडे घरंच नाहीत, म्हणून ७१ आणि ७२ साठी पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जावं लागतं. मुलं नेमकी इथे ७० वरच थांबतात.