मदत हवी आहे: शिकागोतलं जुनं घर, शिशाचा पाइप आणि बाळाच्या दुधाचं पाणी

कढीपत्ता:
मंडळी, बाळ उठायच्या आत घाईघाईत लिहितेय. शिकागोत एका टू-फ्लॅटच्या (दोन मजले, दोन बिऱ्हाडं) खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो. घर १९२०च्या दशकातलं. बाळ चार महिन्यांचं. अंगावर पितं, पण पावडरचं दूधही लागतंच. परवा शेजारीण सहज बोलून गेली की या गल्लीत सगळ्यांच्या पाण्याच्या लाइनी शिशाच्या आहेत.

बेसमेंटमध्ये जाऊन पाहिलं. फरशीतून पाइप वर येतो तिथे तो मळकट करडा आहे, जरा वाकडा, आणि मुख्य कॉकच्या अलीकडे लसणाच्या गड्ड्यासारखा फुगीर सांधा. नवऱ्याने किल्लीने हलकेच खरवडलं तर चकचकीत रुपेरी रेघ उठली. फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट लावून पाहिला, चिकटेना. सिंकखाली मात्र तांब्याचा पाइप दिसतो.

हे शिसंच ना? आई साताऱ्याहून आलीय, ती बाळाचं पाणी खळखळून उकळते आणि म्हणते, एवढं उकळल्यावर कसली भीती? तेवढं पुरेल का? बाळाच्या आंघोळीचं काय? घरमालक वरच राहतात, माणूस भला आहे, पण पाइप बदलायचं म्हटलं की खर्चाचा पाढा सुरू होतो.

मिडवेस्टकर:
शिसंच. तांबं खरवडलं तर तांबूस दिसतं, जीआयला (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) मॅग्नेट चिकटतो. रुपेरी, मऊ आणि मॅग्नेट न धरणारा म्हणजे दुसरं काही नाही. आता पुन्हा खरवडू नका. सिंकखालच्या तांब्यावर जाऊ नका, रस्त्यापासून घरात येणारी लाइन महत्त्वाची. शिकागोत १९८६ पर्यंत लहान घरांना शिशाचीच लाइन घालायची असा नियमच होता. केंद्राची बंदी आली तेव्हा कुठे थांबलं. अशा सुमारे चार लाख लाइनी शहरात आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त.

३११ ला (शहराची हेल्पलाइन) फोन करून पाणी तपासायचं किट मागवा, फुकट मिळतं. नळ किमान सहा तास बंद ठेवून पहिलं पाणी घ्यायचं असतं, म्हणजे पहाटे, कोणी फ्लश करायच्या आत. वरच्यांनाही सांगून ठेवा, लाइन एकच आहे.

रसायनकाका:
आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं जंतूंच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. पण शिसं हा जंतू नाही, धातू आहे, उकळून मरत नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. दोन लिटरचं एक लिटर होईपर्यंत उकळलंत तर प्रमाण दुप्पट. तेव्हा आधी फिल्टर, मग हवं तर उकळा.

फिल्टर घेताना खोक्यावर एनएसएफ ५३ (फिल्टर तपासायचं अमेरिकी मानक) आणि त्याच्यासोबत शिसं कमी करण्याचा स्पष्ट उल्लेख बघा. नुसता ४२ असेल तर तो प्रामुख्याने चव-वास सुधारायला. आरओ असेल तर ५८. यूव्हीचा इथे उपयोग नाही. फिल्टरचं काडतूस (कार्ट्रिज) वेळेवर बदला आणि त्यातून गरम पाणी सोडू नका. पिण्याला, स्वयंपाकाला गार नळाचंच पाणी घ्यायचं, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. आंघोळ बिनधास्त घाला, कातडीतून शिसं शिरत नाही.

नुसताच_वाचक:
शंभर वर्षं लोक तेच पाणी पितायत की. आजकाल प्रत्येक गोष्टीचा बाऊ.

रसायनकाका:
मोठ्या माणसाचं एक वेळ सोडा. मुख्यतः पावडरच्या दुधावर असलेल्या बाळाच्या पोटात जाणाऱ्या शिशापैकी ४० ते ६० टक्के पाण्यातून येऊ शकतं, असं ईपीए (अमेरिकी सरकारची पर्यावरण संस्था) सांगते. भारतीय मानक लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीबी (अब्जात १० भाग). अमेरिकेत कारवाईची मर्यादा १५, ऑक्टोबर २०२४ च्या नियमात तीही १० ठरवली, अंमल २०२७ पासून. आणि ध्येय म्हणून शून्यच लिहिलंय. बाऊ कोण करतंय?

कढीपत्ता:
काका, आईला वाचून दाखवलं. "मग आधी गाळू, मग उकळू" म्हणाली. तह झाला. 🙂 फिल्टर येईपर्यंत काय करू? नळ सोडून ठेवला तर?

मिडवेस्टकर:
तोवर बाळाच्या दुधाला बाटलीचं पाणी आणा, त्यात काटकसर नको. बाकी वापरासाठी सकाळी पाच मिनिटं गार नळ सोडा, अंघोळ-कपडे उरकले तरी लाइन धुतली जाते. नळाच्या तोंडाची जाळी काढून झटका, शिशाचे कण तिथे साचतात.

गल्लीत खोदकाम निघालं तर जास्त जपा. हादऱ्याने पाइपच्या आतला थर सुटतो. २०१९ मध्ये मीटर बसवलेल्या काही घरांत शिसं वाढलेलं दिसलं आणि शहराने मीटर बसवणंच थांबवलं. म्हणूनच मालकांना सांगा, बदलायची तर लाइन अख्खी बदला. अर्धीच कापली तर काही काळ शिसं वाढतं.

तळेगावची_सून:
पाण्याच्या नादात बाकीचं विसरू नका हं. १९७८ च्या आधीच्या घरात रंगातही शिसं असू शकतं, आणि खिडकी वरखाली करताना त्याची धूळ पडते. बाळ रांगायला लागलं की हात थेट तोंडात. ओल्या फडक्याने पुसत जा. आणि भारतातून आलेलं काजळ, सुटी हळद, शेंदूर यांतही शिसं सापडलेलं आहे. आजी काजळाची डबी घेऊन आल्या असतील तर ती राहू दे बॅगेतच.

डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आलं तर ते पुढचं बघतात.

कढीपत्ता:
काजळाची डबी आहेच! लपवते. किट मागवलं, मालकांनाही त्यांच्या मजल्यासाठी मागवायला लावलं, तेव्हा कुठे त्यांचा आवाज बदलला. त्यांची नात दर रविवारी येते. आकडे आले की इथेच टाकते. कोणी शहरात अख्खी लाइन बदलून घेतली असेल तर परवान्याला किती दिवस लागले तेवढं लिहा.