बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकायचंय : मिंट की डेबियन?

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. मशीन ठणठणीत आहे, भंगारात घालवत नाही.

वापरणार बाबा. सोसायटीची पत्रं आणि इतिवृत्तं मराठीत टाइप करणं, बँकेचं स्टेटमेंट छापणं, यूट्यूबवर नाट्यसंगीत. मी पुण्यात असतो, त्यामुळे वेग थोडा कमी असला तरी चालेल, पण तीन-चार वर्षं पडद्यावरचं काही हलायला नको. "अरे, ते खालचं चिन्ह कुठं गेलं?" हा फोन मला नकोय.

लिनक्सच्या प्रकारांपैकी उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पण त्याचा ग्नोम डेस्कटॉप (पडद्यावरची मांडणी) ४ जीबीत जड जाईल आणि बाबांना स्टार्ट मेनू सापडणार नाही. मिंट २२ त्याच पायावर उभं, मुदतही तेवढीच. त्याच्या डेस्कटॉपांपैकी एक्सएफसीई सगळ्यांत हलकं, मेनूही खाली डाव्या कोपऱ्यात. डेबियन १३ चा विचार केला तो स्थिरपणासाठी. सी-डॅक या सरकारी संस्थेचा बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेला आहे, पण अडलं तर नेटवर उत्तर पटकन सापडेल असंच काहीतरी घ्यावं असं वाटतं. माझा कल मिंट एक्सएफसीईकडे आहे. कुणी आईवडिलांना दिलंय का?

खरी अडचण वेगळीच आहे. बाबांची जुनी पत्रं श्रीलिपी या जुन्या फाँट-पद्धतीत आहेत, युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नाहीत. फाँटच्या टीटीएफ फाइली टाकल्या की लिब्रेऑफिसात अक्षरं दिसतील, पण त्याच पत्रात दोन ओळी वाढवायच्या तर काय? सगळं एकदाच युनिकोडमध्ये बदलून घेतलंय का कुणी? जोडाक्षरं आणि रफार नीट येतात का? नवीन टायपिंगची काळजी नाही, बाबा इनस्क्रिप्ट कीबोर्डवाले आहेत आणि ते लिनक्समध्ये मिळतं.

दुसरं म्हणजे प्रिंटर. कॅनन एलबीपी २९००, निम्म्या महाराष्ट्राच्या टेबलावर असतो तोच. तो कॅप्ट या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो, ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, एवढं वाचलंय. मिंट २२ वर कुणाकडे रोज छापतोय का? "एकदा चालला होता" हे उत्तर नको, प्लीज.

खर्च एकच करायचाय. मला वाटतं आधी एसएसडी, रॅम नंतर. चुकत असेन तर सांगा.

पुढच्या शनिवारी जाणार आहे. मिंट आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघेन. प्रिंटरचा ड्रायव्हर लाइव्हमध्येच टाकून एखादं पान छापून बघता येतं का, की त्यासाठी आधी पूर्ण इन्स्टॉल करावं लागेल?