बारावीनंतर इंग्लिश लिटरेचर घेतलं तर इंग्रजी सुधारतं का?

डिचोलीची_आई:
लेक चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. आर्ट्‌समधून बारावी झाली. लिहिते बरं, पण बोल म्हटलं की गप्प. बीएला इंग्लिश मेजर घ्यावं की सरळ स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा? अनुभव असेल त्यांनी सांगा.

कदंब_पासवाला:
मी केलंय बीए इंग्लिश. खरं सांगतो, तीन वर्षांत एकही कादंबरी पुरती वाचली नाही. गाइडमधली समरी पाठ करायची, पेपरात ओकायची. पहिल्या इंटरव्ह्यूत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' ऐकलं आणि घसा कोरडा. शेक्सपिअरचं 'दाऊ' हॉटेलच्या रिसेप्शनवर काय कामाचं? क्लासच लावा.

फोंड्याची_टीचर:
@कदंब_पासवाला, अरे, तू लिटरेचर वाचलंसच कुठं? गाइड वाचलंस!

मी २२ वर्षं हायर सेकंडरीला इंग्रजी शिकवलं. आपल्या मुलांचं 'अ' आणि 'द'पाशी हमखास अडतं, कारण मराठीत आणि कोंकणीत आर्टिकलच नाही. नियम फळ्यावर लिहून हात दुखले. मग एकदा साधी गोष्ट वाचायला घेतली. पहिल्या ओळीत दारात 'अ मॅन' येतो, दुसऱ्या ओळीत तोच 'द मॅन' होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ओळख झाली की 'द'!" त्या वर्गाला तो नियम पुन्हा सांगावा लागला नाही.

ताई, मेजर घेऊ दे, पण सुरुवात जाड कादंबरीने नको. ग्रेडेड रीडर्स, म्हणजे सोप्या इंग्रजीत पायरीपायरीने लिहिलेली गोष्टींची पुस्तकं, मिळतात. ऑक्सफर्ड बुकवर्म्सच्या पहिल्या पायरीला साधारण ४०० वेगवेगळे शब्द येत असले की पुरे, सहावीला २५००. पानावर चार-पाचांहून जास्त शब्द अडले तर खालची पायरी घ्यायची, त्यात लाज कसली. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत आधी बघा, लगेच विकत घेऊ नका.

आणि बोलण्यासाठी नाटक. एरवी तोंड न उघडणारा पोरगा जत्रेच्या नाटकात पानभर स्वगत म्हणतोच ना? महिनाभराच्या तालमीची करामत ती. इंग्रजी एकांकिका घेऊन दोघी मैत्रिणींनी मोठ्याने वाचावी, रोज तोच प्रवेश, जिभेला वळण लागेपर्यंत.

कदंब_पासवाला:
टीचर, गाइडचं मान्य. पण कॉलेजात पुस्तक वर्गात वाचून घेतात की नोट्सच देतात, ते तेवढं अ‍ॅडमिशनआधी तिथल्या मुलांना विचारा.

डिचोलीची_आई:
देव बरें करूं! आमच्या वाड्यावरच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग हीच करते, सगळ्यांचे संवाद तोंडपाठ. हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी कॉलेजात जातेय, नोट्सचं विचारूनच फॉर्म भरते.