ट्रेनिंगला गेलेल्या मुलांना आधार कोणी द्यायचा, कॉलेजने की हॉटेलने?

सत्तरीवाला

पर्वरी असो वा राय, आपल्या गोव्यात हॉटेल मॅनेजमेंट आणि पाककला शिकणारी मुलं कॉलेजात असतात तोवर आधार हाताशी असतो: शिक्षक, समुपदेशक, प्रथमोपचाराची पेटी. खरी नड लागते ती हॉटेलातल्या ट्रेनिंगच्या सत्रात. नेमकी तेव्हाच ती कॉलेजच्या नजरेबाहेर असतात.

ब्रेक शिफ्टच घ्या. सकाळी १० ते ३, मग साडेसहा ते ११. मधले साडेतीन तास वाळपईच्या नाहीतर सांग्याच्या मुलाने कळंगुटला काढायचे कुठे? घरी जाऊन परत येणे होत नाही. आडवे व्हायला जागा नसेल तर तो कुठेतरी सावली शोधत बसतो आणि संध्याकाळी तेच सुजलेले पाय घेऊन रेंजसमोर, म्हणजे मोठ्या शेगडीसमोर, उभा राहतो. रात्री ११ वाजता गावची बस केव्हाच गेलेली असते, आणि पायलट (मोटरसायकल टॅक्सी) रोज परवडत नाही. जवळ खोली घ्यावी तर डिपॉझिट आधी लागते, मानधन मात्र महिना भरल्यावर. त्यात सीझन लागला की घरमालकांना पर्यटक जास्त परवडतात.

माझे म्हणणे एवढेच: लॉकर आणि पाठ टेकायला जागा, ड्युटीतले जेवण, रात्री १० नंतर सुटणाऱ्याला घरापर्यंत वाहन. हे लेखी मिळाल्याशिवाय कॉलेजने मुलं पाठवू नयेत. सीझनला हॉटेलांना माणसे हवी असतात, तेव्हा हे मागता येते.

तापलेला तवा

मागणी रास्त आहे, पण दार चुकीचे ठोठावताय. राबवून घेणारा हॉटेलवाला, तर वाहनही त्याचेच हवे. कॉलेजच्या गळ्यात घातलेत की खर्च फीमध्ये शिरणार, आणि पहाटे ४ वाजता बेकरीत हजर राहणाऱ्याला त्या रात्रीच्या गाडीचा उपयोग शून्य. मोठ्या हॉटेलांत स्टाफची गाडी असतेच. ट्रेनीचे नाव तिच्या यादीत घालायचा प्रश्न आहे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारीचेही तसेच. त्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात प्रशिक्षणार्थीही येतात. म्हणजे हॉटेलच्या अंतर्गत समितीकडे ट्रेनी मुलीला थेट जाता येते, तीन महिन्यांच्या आत, लेखी.

कॉलेजचे काम मुलाला तयार करून पाठवणे, आणि तिथेच आपण कमी पडतो. एक उदाहरण देतो. घाईत मुलगा गरम भांडे धरायला हाताला लागेल तो डस्टर (किचनचे फडके) उचलतो, आणि तो ओला असतो. कोरड्या कापडाच्या घड्यांत हवा अडकलेली असते, ती आच अडवते. ओल्या कापडातून आच सरळ हाताला भिडते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तळवा भाजतो. मग कोणी टूथपेस्ट लावतो, कोणी बर्फ. दोन्ही चूक. पेस्टखाली उष्णता कोंडते, बर्फाने कातडी आणखी दुखावते. अंगठी-घड्याळ सूज येण्याआधी काढायचे, हात २० मिनिटे नळाच्या धारेखाली धरायचा, मग सैलसर स्वच्छ आवरण. फोड फोडायचा नाही. जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा चेहरा, सांधा भाजला असेल तर १०८. दोन कोरडे डस्टर कमरेला, पायात बंद, न घसरणारे बूट, अंगात सुती कोट. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. एवढे अंगवळणी पडल्याशिवाय मुलाला ट्रेनिंगला सोडू नका.

डिचोलीची आई-बाजू

दोघेही घर विसरलात. मुलं सोडतात ती बऱ्याचदा घरच्यांच्या बोलण्याने. पहिला महिना कांदे सोलण्यात आणि चिलर (मोठा फ्रीज) पुसण्यात जातो, घरी वाटते फी भरून पोराला भांडी घासायला लावली. ट्रेनिंगआधी पालकांना एक दिवस कॉलेजच्या किचनमध्ये उभे करा. कांदा कापण्यापासून ताट बाहेर जाईपर्यंतची साखळी डोळ्यांनी दिसली की अर्धी भांडणे मिटतील. पावसाळ्यात लागलेल्या बॅचला चवथ (गणेशचतुर्थी) ट्रेनिंगमध्येच येते. कोणाला दीड दिवस, कोणाला पाच, हे रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) लागण्याआधी सांगितले तर जमते, आदल्या दिवशी नाही.

पैशांचेही सांगायला कोणीतरी हवे. गोवा राज्याच्या शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज आहे. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या ठरलेल्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. अर्ज भरताना लोक नुसती फी लिहितात. युनिफॉर्म, सुऱ्यांचा संच आणि ट्रेनिंगच्या काळातली खोली राहून जाते. राज्याच्या आरोग्य विम्याच्या, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाची मुदतही बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्याला ४ लाखांचे संरक्षण आहे, पण कार्ड जुने झाले तर उपयोग नाही.

पणजी ८८

ताई, किचन जरूर दाखवा, पण रोजची खबर घरी नको. मुलं १८ वर्षांची झालेली असतात. मुलगी रात्री ११ ला सुटते हे कळले की घरचे फोन करून तिला दिवसाच्या पॅन्ट्रीत (थंड पदार्थांच्या विभागात) टाकायला लावतात, आणि ती गरम रेंज न शिकताच परतते. समुपदेशकाकडे बोललेले घरी पोहोचते अशी शंका आली तर दुसऱ्यांदा कोणी जाणार नाही. शिफ्ट सुटल्यावर दारूची सवय लागलेला मुलगा तर मुळीच नाही. त्याला १४४१६ द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा हा फोन फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलता येते.

सत्तरीवाला

तवाभाऊ, गाडी हॉटेलचीच असू दे, मान्य. पण यादीत नाव घाला हे एकटा ट्रेनी म्हणू शकत नाही, त्याचा शेरा त्याच शेफच्या हातात असतो. म्हणून पत्र कॉलेजचे हवे. त्यात आजारपणाचीही ओळ हवी. हुकलेले दिवस भरून द्यावे लागतात म्हणून मुलं जुलाब होत असतानाही कामावर येतात. उलटी-जुलाब थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नसतो, तो सॅलड कापत असतो.

तापलेला तवा

आजारपणाच्या ओळीवर माझी सही. मात्र ते ४८ तास हजेरीत धरायचे की नाही हे कॉलेजने आधी स्वतःच्या नियमात लिहावे, मग हॉटेलकडे मागावे. वाहनाच्या बाबतीत माझे मत तेच: फीमधून एक रुपयाही नको.