गोल्फसाठी अंतर मोजायचं पहिलं यंत्र घ्यायचंय : लेझर, घड्याळ की मोबाइल? (बडोदा)

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. गोल्फ सुरू करून दीड वर्ष झालं. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या कोर्सवर आठवड्यातून दोनदा जातो, सकाळी सहाच्या सुमाराला. हँडिकॅप २४, म्हणजे फेरीला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण २४ जास्त. ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) आता बऱ्यापैकी फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) राहतो, पण ग्रीनकडचा (झेंडा असलेल्या हिरवळीकडचा) शॉट दर वेळी तोकडा पडतो. दहा-पंधरा यार्ड अलीकडे. मग चिप (छोटा उचलून मारलेला फटका), मग दोन पट (ग्रीनवर घरंगळत मारायचे फटके), की झाला बोगी, ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त.

कॅडी सांगतो, "साहेब, एकशेचाळीस." मी सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) काढतो, चेंडू चांगला लागतो, तरी अलीकडेच. नुसत्या नजरेने काढलेला आकडा चुकत असावा असं वाटायला लागलंय, म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं. बजेट पंधरा हजार, ओढूनताणून वीस. मला चष्मा आहे. लेझरचा रेंजफाइंडर घ्यावा, जीपीएस घड्याळ घ्यावं, की मोबाइलवरच्या ॲपवर भागेल? आणि स्लोपवाल्या (चढ-उतार धरून अंतर सांगणाऱ्या) मॉडेलला जास्तीचे पैसे मोजावेत का? ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा. जाहिराती वाचून डोकं भणाणलंय.

नऊआयर्न

लेझर. झेंड्यावर धरला, आकडा आला, विषय संपला. झेंडा आज पुढे लावलाय की मागे, हे घड्याळाला ठाऊक नसतं.

कमाटीबागची_सकाळ

@नऊआयर्न, इतकं सोपं नाही हो, निदान आपल्या कोर्सवर तरी नाही. मी दोन्ही वापरलीत, म्हणून सविस्तर लिहिते.

लेझर डोळ्याला न दिसणारे किरण सोडतो. ते आदळून परत येतात आणि यंत्र जाण्यायेण्याचा वेळ मोजतं. १४० यार्डांवर जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एका यार्डाचा फरक म्हणजे जेमतेम सहा नॅनोसेकंद! एवढं बारीक मोजणारं यंत्र तळहातावर मावतं, याचं मला अजून नवल वाटतं. पण ते मोजतं काय, तर किरण ज्याच्यावर आदळला त्याचं अंतर. झेंड्याची काठी बोटभर जाड आणि आपल्याकडे ग्रीनच्या मागे झाडंच झाडं. हात केसभर हलला की किरण काठीच्या शेजारून सुटतो आणि मागच्या कडुलिंबाचं अंतर घेऊन येतो. पडद्यावर १६३ दिसतात, आपण खुशाल हायब्रिड (लांब पल्ल्याचा क्लब) काढतो आणि चेंडू मोरांच्या घोळक्यात जातो. पहिला महिनाभर माझं हेच चाललं होतं.

आता मी असं करते. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास अर्धा सोडायचा, बटण दाबून धरायचं आणि यंत्र झेंड्यावरून सावकाश आडवं फिरवायचं. 'पिन लॉक' असेल तर सगळ्यात जवळची वस्तू पकडली की यंत्र हातात थरथरतं. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. लगेच मुद्दाम मागच्या झाडावर धरायचं. झाडाचा आकडा वीस-तीसने जास्त आला, तर झेंड्याचा आकडा खरा. दोन्ही सारखेच आले, तर पहिल्यांदाही झाडच पकडलं होतं. दहा सेकंदांचं काम आहे.

जीपीएसचं तंत्र वेगळं. उपग्रहांवरून ते तुमची जागा काढतं आणि साठवलेल्या नकाशातल्या ग्रीनशी ताडून पाहतं. तीन आकडे देतं : ग्रीनची पुढची कड, मध्य, मागची कड. चार-पाच यार्ड इकडेतिकडे होऊ शकतात. पण चेंडू झाडांमागे गेला आणि झेंडा दिसतच नसेल, तर लेझर खिशात ठेवायच्या लायकीचा उरतो, घड्याळ मात्र आकडा देतं. आणि २४ हँडिकॅपला मला विचाराल तर मधला आकडाच जास्त कामाचा. झेंडा पुढच्या कडेला चिकटून, समोर बंकर, आणि आपण त्याच्यावर नेम धरतो. चार यार्ड कमी पडले की वाळूत!

निवृत्त_७१

ताईंच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. माझं वय ७१, उजवा हात थरथरतो. मुलाने लेझर पाठवला होता, चांगल्या कंपनीचा. झेंडा काही केल्या भिंगात ठरेना, मागचे खोळंबायचे, मला ओशाळल्यासारखं व्हायचं. आता गार्मिनचं साधं घड्याळ आहे. चेंडूपाशी पोचेपर्यंत आकडा मनगटावर तयार. खेळ चार स्ट्रोकांनी (फटक्यांनी) सुधारला असं म्हणणार नाही, पण घाई गेली आणि सकाळ पुन्हा आनंदाची झाली. माझ्या लेखी ते मोठं आहे.

@दांडियाबाजारकर, एक पैसाही खर्चायच्या आधी मोबाइलवर होल नाइन्टीन किंवा एटीन बर्डीज यांपैकी एखादं ॲप फुकटात उतरवा आणि आपला कोर्स त्यात नीट आखलेला आहे का ते पाहा. एखादी ग्रीन जुन्या जागी दाखवत असेल तर तिथेच कळेल. घड्याळाचाही नकाशा घेण्याआधी असाच तपासून घ्या.

नऊआयर्न

काका, हाताचं पटलं. ताई, झाडाची युक्ती उद्याच करून बघतो. चष्म्याबद्दल : डोळ्याला लावायचं रबर खाली मुडपता येईल असा लेझर बघा, नाहीतर चष्म्यातून अर्धंच चित्र दिसतं. भिंगाच्या कडेला फिरवायची चकती असते, तिने आकडे आधी स्वच्छ करून घ्या. पुष्कळ जण ती कधी फिरवतच नाहीत आणि यंत्र धूसर आहे म्हणून परत देतात.

मोबाइलचं म्हणाल तर डिसेंबरात ठीक आहे. मे महिन्यात आपल्या ४२ अंशांत स्क्रीन दिसत नाही आणि फोन तापून बंद पडतो.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार. स्लोपचं कुणी बोललं नाही? दुकानदार म्हणतो, स्लोपशिवाय घेणं म्हणजे पैसे वाया.

कॅरी१२८

दुकानदाराला विचारा, बडोद्यात चढ कुठे आहे? विश्वामित्रीच्या काठाला सोडून!

स्लोपवालं यंत्र अंतराबरोबर कोनही मोजतं आणि चढ असेल तर आकडा वाढवून, उतार असेल तर कमी करून दाखवतं. डोंगराळ कोर्सवर ते सोन्यासारखं आहे. मी गुलमर्गला खेळलोय. तिथे उंचीमुळे हवाही विरळ, चेंडू लांब जातो, आपला घरचा अंदाज पार कोसळतो. पण आपला कोर्स सपाट, अहमदाबादकडे केन्सव्हिल किंवा कल्हारच्या कोर्सवर गेलात तरी डोंगर नाहीत. वर्षातून एकदा थंड हवेच्या ठिकाणी जाण्यासाठी पाच हजार जास्त देऊ नका. त्याच किमतीत मिळत असेल तर घ्या, पण स्लोप बंद करायचं बटण बाहेरून दिसणारं हवं.

कारण नियम. २०१९ पासून गोल्फच्या नियमांत अंतर मोजायच्या यंत्राला मुळातच परवानगी आहे. त्याआधी क्लबने वेगळा स्थानिक नियम करावा लागायचा. आता उलट झालंय : नको असेल तर समितीने बंदी घालायची. पण परवानगी फक्त अंतराला. चढ-उतार मोजणं किंवा वाऱ्याचा वेग मोजणं चालत नाही. नियम ४.३ वाचून ठेवा. मोठ्या स्पर्धांनीही हळूहळू दार उघडलं. २०२१च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये अमेरिकेतल्या किआवा आयलंडला लेझर चालले होते, तीच स्पर्धा फिल मिकलसनने वयाच्या पन्नासाव्या वर्षी जिंकली.

लेकीची_आई

नियमावरून आमची गोष्ट सांगते, म्हणजे कुणाच्या पोराचं असं होऊ नये. मुलगी चौदा वर्षांची, ज्युनिअर स्पर्धेत खेळत होती. आदल्या दिवशी मीच तिच्या लेझरची बॅटरी बदलली आणि बदलताना स्लोपचं बटण सरकलं. तिने चौथ्या होलवर झेंडा मोजला, पडद्यावर खाली दुसरा आकडा दिसला, आणि तिने स्वतःहून मार्करला (तिचे फटके लिहिणाऱ्याला) सांगितलं. दोन स्ट्रोकची शिक्षा. पुन्हा झालं असतं तर थेट बाद. घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून पहिल्या टीवर (जिथून होल सुरू होतो तिथे) जायच्या आधी ती बटण मला दाखवते, मी मान डोलावते, मगच निघतो.

बॅटरीवरून आठवलं. बऱ्याच लेझरमध्ये सीआर-टू नावाचा तीन व्होल्टचा बुटका सेल लागतो. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. एक जास्तीचा बॅगेत ठेवा. दुकानदार तसाच दिसणारा सीआर-१२३ देईल, तो आकाराने मोठा असतो, बसत नाही.

मांडवीपार

सेटिंगमध्ये यार्ड आहेत की मीटर, ते पहिल्या दिवशी बघा. मी तीन आठवडे मीटरमध्ये मोजत होतो. यंत्र १३० म्हणायचं, मी १३० यार्डांचा क्लब घ्यायचो. १३० मीटर म्हणजे १४२ यार्ड! एक पूर्ण क्लब कमी. आणि मी स्विंग बदलायला निघालो होतो.

पावसाळ्याचंही सांगतो. एसी गाडीतून यंत्र एकदम दमट हवेत काढलं की भिंगावर वाफ धरते आणि पुसली तरी परत येते. बॅग आधी डिकीत ठेवा किंवा पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. धुक्यातही लेझर अडखळतो, जानेवारीच्या सकाळी सात वाजेपर्यंत घड्याळच बरं.

कॅरी१२८

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण @दांडियाबाजारकर, मला तुमचा कॅडी चुकतोय असं वाटत नाही. तो रोज तिथे चालतो. यंत्राने बहुतेक १४०च येईल.

तुमचा सेव्हन आयर्न १४० जातो, हे कुणी ठरवलं? तुम्हीच ना, कधीतरी एकदा झकास लागला आणि कडक जमिनीवर घरंगळत गेला त्या दिवशी? माझंही तसंच होतं. मी सेव्हन आयर्नला १५० धरायचो. एके दिवशी लेझर घेऊन रेंजवर गेलो. आधी रेंजवरच्या झेंड्यांचं अंतर मोजलं, कारण पाट्यांवरचे आकडे चटईपासूनचे असतीलच असं नाही. मग सेव्हन आयर्नने वीस चेंडू मारले. चेंडू कुठे थांबतो ते नाही, पहिल्यांदा कुठे टेकतो ते पाहायचं. यालाच कॅरी म्हणतात. पहिले पाच सोडून दिले, अंग मोकळं व्हायला. उरलेल्या पंधरांतले दोन सगळ्यात लांब आणि दोन सगळ्यात आखूड काढून टाकले. बाकीच्यांचा मध्य आला १२८. त्या दिवशी मी हे नाव घेतलं.

प्रत्येक क्लबचं असं करा, एका बैठकीत दोनच क्लब, म्हणजे दमून आकडे बिघडणार नाहीत. रेंजचे जुने झिजलेले चेंडू थोडे कमी जातात, तेवढं मनात धरा. मग एका कागदावर लिहून बॅगेला चिकटवा. माझा कागद अजून आहे, घामाने शाई पसरलीय, पण सेव्हनपुढचा १२८ ठळक आहे. हा कागद नसेल तर वीस हजारांचं यंत्र तुम्हाला झेंडा किती लांब आहे एवढंच सांगेल. कुठला क्लब, ते सांगणार नाही.

आणि लेझर फक्त झेंड्यावर धरू नका. टीवर उभे राहून फेअरवेवरच्या बंकरची पलीकडची कड मोजा. ती तुमच्या ड्रायव्हरच्या कॅरीपेक्षा लांब असेल तर ड्रायव्हर पिशवीतच राहू द्या. माझे सगळ्यात जास्त स्ट्रोक तिथे वाचले, ग्रीनवर नाही.

निवृत्त_७१

जोडीला पावलं मोजायची सवय ठेवा. प्रसिद्ध गोल्फर जॅक निकलॉस पावलांनी यार्ड काढून वहीत टिपत असे, आणि कल्हारचा कोर्स त्याच्याच नावाने आखलेला आहे. घरच्या गच्चीवर टेपने दहा यार्ड आखा आणि आपलं पाऊल बरोबर यार्डाचं होईपर्यंत चाला. मग कोर्सवरच्या १५० यार्डांच्या खुणेपासून चेंडूपर्यंत चालत गेलात की यंत्र तपासून घेता येतं.

दांडियाबाजारकर

दीड महिन्याने लिहितोय. आधी उत्तर : साधा लेझर घेतला, स्लोप नसलेला, बजेटच्या आत. चकती फिरवली, यार्ड लावले, सीआर-टूचा जास्तीचा सेल बॅगेत आहे.

पहिल्याच सकाळी कॅडीला म्हटलं, "तू आधी सांग, मग मी मोजतो." अठरा वेळा विचारलं. चौदा वेळा तो तीन यार्डांच्या आत होता. एकदा दहाने चुकला, पण तेव्हा झेंडा खोलगटात होता. मी त्याच्यावर वर्षभर मनातल्या मनात संशय घेतला, याचं वाईट वाटलं आणि त्याला तसं सांगितलंही. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, अंतर मी सांगतो, क्लब तुम्ही काढता."

मग @कॅरी१२८ यांच्या पद्धतीने रेंजवर गेलो. माझा सेव्हन आयर्न १२६. सिक्स १३५, फाइव्ह १४१ आणि त्यातही चार-पाच चेंडू नीट लागतच नाहीत, म्हणून त्या जागी हायब्रिड घेतोय. म्हणजे १४०ला मी दीड वर्ष जवळजवळ दोन क्लब कमी घेत होतो. काल १३८ला हायब्रिड सावकाश मारला. चेंडू ग्रीनच्या मध्यावर टेकला आणि थोडा मागच्या कडेकडे सरकून थांबला. झेंडा पुढे होता, तीस फुटांचा पट उरला, तो दोनात गेला. पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत. त्या होलवरचा माझा पहिला पार.

झाडाची युक्ती रोज करतो. दोनदा खरंच झाडच पकडलं गेलं होतं.

शनिवारी सहाला पहिल्या टीवर आहे. कुणाला यंत्र हातात घेऊन बघायचं असेल तर या, चष्मेवाल्यांनी खास या. नंतर शेवउसळ माझ्याकडून.

कमाटीबागची_सकाळ

येते. माझ्या भाचीलाही आणते, तिलाही घ्यायचाय. तिखट कमी सांगा.